वसईच्या कोटांतील सेंट जोसेफचें देवालय व त्याच्या नांवावर सांगितल्या जाणाऱ्या घंटा

महाराष्ट्रांतील कित्येक शिवालयांत व गणपतीच्या देवळांत क्रूस कोरलेल्या विलायती घंटा टांगलेल्या आढळतात, हें वाचकांस ठाऊकच आहे. भीमाशंकर येथील घंटेवर १७२९ हें साल आहे. नाशिकास गोदातीरीं नारोशंकराच्या देवळावर जी प्रचंड घंटा आहे तिजवर १७२१ आहे. वाईजवळ मेणवलीस नाना फडणिसांच्या वाड्यामागें कृष्णेच्या घाटावर जी घंटा आहे तिजवर १७०७ हें साल व बाळ येशूस घेतलेल्या मरियेची आकृति आहे. नसरापुराजवळील बनेश्वराच्या घंटेवर १६८३ हें साल व क्रूस आहे. कोठेंहि विचारलें तरी पुजारी एकच हकीकत सांगतो. चिमाजी अप्पांनीं वसई घेतली, तेथील मोठ्या चर्चमधील घंटा काढून आणल्या व त्यांनीं स्वहस्तें या देवास वाहिल्या. कोणी घंटा पांच होत्या म्हणतो, कोणी त्या हत्तीवरून आल्या म्हणतो. परंतु ‘मोठें चर्च’ मात्र सर्वांच्या तोंडीं आहे.

हें मोठें चर्च म्हणजे वसईच्या कोटांतील सेंट जोसेफचें देवालय. त्याचा इतिहास काय आणि वरील घंटांचा त्याशीं संबंध कितपत लावतां येतो, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

हा विषय आम्हीं हातीं घेण्याचें कारण सांगण्यास थोडा संकोच वाटतो, तरी सांगितलें पाहिजे. शाळेंत असतां आम्हीं विद्यार्थ्यांस मेणवलीची घंटा चिमाजी अप्पांनीं तेथें बांधली असें अनेक वर्षें शिकविलें. एके दिवशीं मागच्या बांकावरील एका मुलानें उठून विचारलें, “गुरुजी, अप्पा वारले तेव्हां नाना फडणीस केवढे होते?” आम्हीं फळ्याकडे वळून मनांतल्या मनांत हिशेब केला. चिमाजी अप्पा १७ डिसेंबर १७४० रोजीं वारले. नानांचा जन्म १२ फेब्रुवारी १७४२ चा. म्हणजे ज्या वाड्याच्या घाटावर ही घंटा अप्पांनीं टांगली म्हणून आम्ही सांगत होतों, त्या वाड्याचा धनी तेव्हां जन्मासहि आलेला नव्हता. त्या मुलास आम्हीं शाबासकी दिली खरी, पण तास संपेपर्यंत आमचें लक्ष धड्यांत नव्हतें. पुढें निवृत्त झाल्यावर या प्रकरणाचा पिच्छा पुरविण्यास सवड मिळाली.

मराठवाड्यांतील माणसानें वसईविषयीं लिहावें हें कोणास विचित्र वाटेल. आमचें जाफराबाद हें केळणा व पूर्णा या नद्यांच्या संगमावरील लहानसें गांव. १९८१ सालीं जालना जिल्हा निराळा झाला तेव्हांपासून तें त्या जिल्ह्यांत मोडतें. येथील मोठ्या मशिदीचा फारसी लेख ती औरंगजेबाच्या आज्ञेनें हिजरी १०७६, म्हणजे इ. स. १६६५-६६ मध्यें, बांधली असें सांगतो. असा लेख भिंतींत बसविलेला असतो. इमारत कोणाची, याचा निवाडा तो जागच्या जागीं करतो. घंटेवरील लेखाचें तसें नाहीं. तो पायांनीं चालणारा लेख आहे. तो आज जेथें आहे त्या स्थळाविषयीं तो कांहींच सांगत नाहीं, आणि जेथून निघाला त्या स्थळाचें नांव जर त्यांत नसेल, तर त्याचें गोत्र ठरविण्यास बाहेरचा पुरावा लागतो. ताम्रपट जमविणाऱ्यांस हा प्रकार परिचित आहे. पट एका गांवीं सांपडतो आणि दान भलत्याच गांवचें असतें.

आतां देवालयाकडे वळूं.

गुजराथच्या बहादुरशहानें २३ डिसेंबर १५३४ च्या तहानें वसई व तिच्या ताब्यांतील मुलूख पोर्तुगीजांस दिला. नूनो द कुन्हा यानें १५३६ सालीं तेथें किल्ल्याचें काम सुरू करून गार्सिया द सा यास पहिला कप्तान नेमिलें. धर्मखात्याची व्यवस्था त्यामागोमाग आली. पोर्तुगालचा राजा तिसरा जुआंव याच्या आज्ञेनें १५४६ सालीं, जुआंव द कास्त्रो हा गोव्यास अधिकारावर असतां, सेंट जोसेफचें देवालय उभें राहिलें. याचा दर्जा ‘मात्रीझ’ असा होता. हा शब्द लॅटिन ‘मातेर’ पासून आला असून तो आमच्या ‘मातृ’ शब्दाचा सख्खा भाऊ आहे. मात्रीझ म्हणजे त्या नगराचें मातृदेवालय. बाप्तिस्मा, विवाह व अंत्यविधि यांचा अधिकार जेथें मुख्यतः चालतो आणि ज्याचा कारभार कोणत्याहि संन्याशांच्या पंथाकडे नसून विगाराकडे, म्हणजे बिशपच्या हुकमांतील पाद्र्याकडे, असतो तें. हा भेद घंटांच्या प्रकरणांत महत्त्वाचा आहे. तो वाचकांनीं ध्यानांत ठेवावा.

वसईंत या मातृदेवालयाखेरीज पंथांचे मठ पुष्कळ झाले. फ्रान्सिस्कन पंथाचा फ्राय आंतोनियु दु पोर्तु हा १५४७ च्या सुमारास या भागांत मोठा उद्योगी होता. त्या पंथाचें सेंट अँटनीचें देवालय व मठ कोटांत झाला. जेझुइटांनीं येशूच्या पवित्र नांवाचें देवालय व विद्यालय बांधलें. फ्रान्सिस झेवियर स्वतः वसईस येऊन गेला होता. १५८३ मध्यें डोमिनिकन आले, त्यांचें सेंट गोन्सालो. शतकाच्या शेवटीं ऑगस्टिनियन आले. इंग्रज वैद्य फ्रायर यानें १६७५ सालीं वसई पाहिली, तेव्हां एका लहान शहरांत सहा देवळें, चार मठ व दोन विद्यालयें त्यास दिसलीं. तेव्हां कोणी नुसतें ‘वसईच्या चर्चची घंटा’ म्हणूं लागल्यास ‘कोणत्या?’ असा प्रतिप्रश्न करणें प्राप्त आहे.

सेंट जोसेफच्या दारावरील शिलालेख १६०१ चा आहे. त्याचा आशय असा कीं, आलेइशो द मेनेझिस हे आर्चबिशप असतां व पेद्रो गालांव पेरेरा हे विगार असतां या मातृदेवालयाचें नूतनीकरण झालें. आमच्या परिभाषेंत हा जीर्णोद्धाराचा लेख होय, स्थापनेचा नव्हे. तरी देवालय १६०१ मध्यें बांधलें असें छापलेलें आम्हीं एकाहून अधिक ठिकाणीं पाहिलें आहे. पंचावन्न वर्षांपूर्वीचें मूळ बांधकाम वाढत्या शहरास अपुरें पडूं लागलें असावें. हा मेनेझिस म्हणजे १५९५ पासून गोव्याच्या आर्चबिशपच्या पीठावर असलेला व १५९९ मध्यें मलबारांतील सिरियन ख्रिस्त्यांची उदयंपेरूरची धर्मसभा भरविणारा गृहस्थ. त्याचें नांव येथें शोभेपुरतें नाहीं. देवालय बिशपच्या सत्तेखालचें होतें याची ती मुद्रा आहे. आमच्याकडील शिलालेखांत ‘अमुक राजा विजयराज्य करीत असतां’ असें येतें, त्यांतलाच हा प्रकार.

आम्हीं हें स्थळ पाहिलें तेव्हां उन्हाळा होता. बंदराकडील बाजूनें गेल्यास पडक्या घरांच्या रांगांतून उंच मनोरा एकदम पुढें येतो. मनोऱ्याच्या पायथ्याशींच दार आहे. आंत गेलें कीं डोक्यावर आकाश. छप्पर नाहीं, बाजूच्या भिंती उभ्या आहेत. मनोऱ्यांत चढण्यास दगडी जिना आहे. आमच्या वयास तो न चढणें बरें होतें, पण घंटा जेथें टांगीत ती जागा पाहिल्याशिवाय परतणें जिवावर आलें. वर उभें राहिलें म्हणजे समुद्र, खाडी, केळींच्या बागा आणि दूरच्या गांवांतील नव्या चर्चचे पांढरे शेंडे दिसतात. येथली घंटा किती गांवांस ऐकूं जात असेल याचा अंदाज तेथें उभें राहिल्यावरच येतो.

या देवालयाचा नाश कोणी केला? मराठ्यांनीं चर्च पाडलें, असें एका पक्षाचे लोक अभिमानानें सांगतात व दुसऱ्या पक्षाचे दुःखानें. दोघांचाहि आधार सारखाच कच्चा आहे.

पोर्तुगीजांनीं हिंदूंचीं देवळें पाडलीं, १५६० मध्यें गोव्यास धर्मन्यायालय आणिलें व त्याचा जाच उत्तरेकडील मुलखासहि पोंचला, हें लपविण्याचें कारण नाहीं. मालाडचे अंताजी रघुनाथ व अंजूरचे गंगाजी नाईक यांनीं पेशव्यांकडे धांव घेतली ती याच जाचामुळें. पुढची मोहीम किती कडवी झाली तें सरदेसायांनीं संपादिलेल्या पेशवे दप्तराच्या सोळाव्या खंडांतील पत्रांवरून व य. न. केळकरांच्या ‘वसईची मोहीम’ या ग्रंथावरून कळतें. १७३७ च्या मार्चांत ठाणें पडलें व साष्टी मराठ्यांकडे आली. १७३९ च्या जानेवारींत तारापूर हल्ला करून घेतलें. तेथें बाजी भिवराव रेठरेकर ठार झाले. मग फेब्रुवारीपासून खुद्द वसईस वेढा पडला. पोर्तुगीज सेनापति सिल्व्हैरा द मेनेझिस तोफेच्या माऱ्यांत मेला. त्याच्या जागीं कायतानु द सोझा पेरेरा आला. सेंट सेबास्टियन बुरुजाखालीं सुरुंग उडाले, मराठ्यांनीं हल्ल्यावर हल्ले केले. मराठ्यांचे पांच हजारांवर लोक पडले व जखमी झाले असें ग्रँट डफ लिहितो. १६ मे रोजीं तह ठरला व २३ मे रोजीं कोटावर भगवा लागला.

येथें थांबून तहाकडे पाहिलें पाहिजे, कारण घंटांच्या प्रकरणाची किल्ली त्यांत आहे. वसई हल्ल्यानें लुटली गेली नाहीं. ती शर्तींनीं हातीं आली. फौजेनें हत्यारांसह, नगारे वाजवीत बाहेर पडावें. रहिवाशांनीं आपली चीजवस्त न्यावी. पाद्र्यांनीं देवळांतील मूर्ति व साज न्यावा. जे ख्रिस्ती आपखुषीनें राहतील त्यांस त्यांचा धर्म पाळूं द्यावा, अशा त्या शर्ती होत्या. इतकें रक्त सांडल्यावर अप्पांनीं अशा शर्ती दिल्या आणि पाळल्या, ही गोष्ट आमच्या मतें वसईच्या तटाला पडलेल्या खिंडारांइतकीच स्मरणीय आहे.

तह व कबजा यांच्यामध्यें आठ दिवस होते. कोटाच्या आंत प्रायः पोर्तुगीज घराण्यांचीच वस्ती असे. तीं गलबतांतून निघून गेलीं. सेंट जोसेफचें भक्तमंडळ म्हणजे हींच घराणीं. देवालय राहिलें, माणसें गेलीं. ज्या मातृदेवालयांत दोन शतकें बाप्तिस्मे व लग्नें झालीं, तेथें दिवा लावणारेंहि कोणी उरलें नाहीं. कोंकणच्या पावसांत ज्या घराचें छप्पर वर्षाआड चाळवत नाहींत त्याची काय गति होते, हें कोंकणस्थ वाचकांस आम्हीं सांगावयास नको. आधीं वासे कुजले, मग छप्पर बसलें, मग भिंतींत पिंपळानें मुळें घातलीं. वास्तविक वसईची ओहोटी १७३९ च्या पूर्वींच लागलेली होती. १६१८ च्या मे महिन्यांत भयंकर वादळानें शहरांतील देवळांचीं छपरें उडविलीं. १६९५ मध्यें इटालियन प्रवासी जेमेल्ली कारेरी आला, तेव्हां महामारीनें शहराचा उत्तरेकडील तिसरा हिस्सा ओस पडलेला त्यानें पाहिला. पुढें १७८० च्या डिसेंबरांत जनरल गॉडर्डच्या तोफा याच कोटावर चालल्या. साल्बाईच्या तहानें कोट मराठ्यांस परत मिळाला. ३१ डिसेंबर १८०२ रोजीं दुसऱ्या बाजीरावानें येथेंच तह करून राज्य गहाण टाकलें. आणि इंग्रजी अमलांत कोटाच्या आंत ऊंस लावला गेला. जेर्सन द कुन्हा या गोमंतकीय वैद्यानें १८७६ सालीं वसईच्या अवशेषांवर पुस्तक लिहिलें तेव्हां तें सगळें रानच झालें होतें. त्या विद्वानानें तेथील लेख व कबरींवरील शिला वाचून ठेवल्या, म्हणून आज आपणांस कांहीं बोलतां तरी येतें.

आतां घंटा.

पहिली गोष्ट कालाची. चिमाजी अप्पा वसई घेतल्यानंतर दोन वर्षांच्या आंतच वारले. नाशिकचें नारोशंकराचें देऊळ १७४७ चें. मेणवलीचा प्रकार वर सांगितलाच आहे. म्हणजे या दोन ठिकाणीं तरी घंटा अप्पांनीं वाहिली हें असंभाव्य आहे. त्या दुसऱ्याच कोणी, अप्पांच्या मागें सात वर्षांनीं किंवा त्याहूनहि पुष्कळ उशिरां, आणून लावल्या. याचा अर्थ, घंटा मोहिमेनंतर कोठें तरी सरकारांत अगर सरदारांच्या घरीं पडून होत्या व देवळें जसजशीं बांधलीं गेलीं तसतशा त्या वांटल्या गेल्या. पांच घंटांची गोष्टहि याच कारणानें टिकत नाहीं. भीमाशंकर, मेणवली, बनेश्वर, पुण्याचा ओंकारेश्वर, शिरूरचा रामलिंग, नाशिक, पालीचा बल्लाळेश्वर, थेऊर अशीं नांवें मोजूं लागल्यास पांचांचा आंकडा तेव्हांच मागें पडतो.

दुसरी गोष्ट स्थळाची. वसई तहानें आली व देवळांचा साज नेण्याची पोर्तुगीजांस मोकळीक होती. जड घंटा मनोऱ्यावरून उतरवून गलबतावर चढविणें हें आठ दिवसांत, जखमी, बायकामुलें व सामान हालवीत असतां, अवघड होतें; कांहीं घंटा मागें राहिल्या असतील हें आम्ही मान्य करतों. परंतु ठाणें व साष्टी, तारापूर, माहीम, केळवें, हीं ठिकाणें शर्तींनीं रिकामीं झालेलीं नव्हेत. तीं झुंजून घेतलेलीं आहेत. तेथील देवळांत जें सांपडलें तें लूट म्हणून बिनतक्रार मराठ्यांचें झालें. रेवदंडा १७४० च्या तहानें आला, तेथेंहि देवळें होतींच. मग क्रूस दिसला कीं ‘वसई’ म्हणावें हा न्याय कोठला? मोहिमेचें नांव वसईची, म्हणून मोहिमेंत मिळालेली प्रत्येक वस्तु वसईची झाली, एवढेंच यांत घडलें आहे. पानिपतावर गेलेल्या प्रत्येक तरवारीस लोक भाऊसाहेबांची तरवार म्हणतात, त्यांतलीच गत.

तिसरी गोष्ट आमच्या तर्काची आहे. ती तर्क म्हणूनच घ्यावी. १६७४ सालीं मस्कतच्या सहाशें अरबांनीं वसईच्या किनाऱ्यावर उतरून तटाबाहेरचीं सर्व देवळें लुटलीं. तटाच्या आंतील शिबंदी भिऊन दारें लावून बसली. आंतलें सेंट जोसेफ त्यामुळें वांचलें. वर दिलेल्या चार घंटांचीं सालें पाहा: १६८३, १७०७, १७२१, १७२९. चारहि १६७४ च्या अलीकडचीं. १६०१ मध्यें जीर्णोद्धार झालेल्या व अरबांच्या हातीं न लागलेल्या मातृदेवालयाची घंटा जुनी असण्याचा संभव अधिक. नव्या घंटा ओतून घेण्याची गरज पडली ती बाहेरच्या, नागविलेल्या देवळांना. अर्थात् घंटा फुटते, वाढत्या देवालयास दुसरी लागते, कोणी भाविक नवस फेडतो, अशीं दुसरीं कारणें पुष्कळ असतात, आणि चार घंटांवरून सिद्धांत बांधणें हें आमच्यासारख्या व्याकरण शिकलेल्यास शोभत नाहीं. परंतु आणखी दहा घंटांचीं सालें हातीं आल्यास हा तर्क एक तर पक्का होईल नाहीं तर पार मोडेल. दोन्ही चालेल.

येथें आम्हांस बाहेरच्या देवळांविषयीं चार शब्द लिहिणें भाग आहे, कारण वसईचा ख्रिस्ती इतिहास कोटाबरोबर संपला असें समजण्याची एक चाल पडून गेली आहे. रमेदी, पापडी, सांडोर, नंदाखाल, आगाशी या गांवांतील शेतकरी, बागाईत करणारे, कोळी हे कोठें जाणार? ते राहिले. त्यांच्या देवळांत युरोपीय संन्याशांच्या ऐवजीं गोव्याहून आलेले एतद्देशीय पाद्री काम पाहूं लागले. १७६० मध्यें फ्रेंच प्रवासी आंकेतिल द्युपेरों मराठ्यांच्या ताब्यांतील साष्टींतून गेला. ठाण्यास चर्चमध्यें मोठा उत्सव त्यानें स्वतः पाहिला, त्यास हजारों ख्रिस्ती जमले होते व कोणी अडथळा करीत नव्हतें. तहांतील एक कलम एकवीस वर्षांनींहि जिवंत होतें, याचा हा परक्या माणसाचा दाखला आहे.

या मंडळींची भाषा मराठीचीच बोली. चर्चला ते देऊळच म्हणतात. म्हणून आम्हींहि वर तोच शब्द वापरला आहे, वाचकांचा घोटाळा झाला असल्यास क्षमा असावी. वसईंत जन्मलेला गोन्सालो गार्सिया हा ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं जपानांत नागासाकी येथें क्रुसावर मारला गेला. १८६२ मध्यें रोमनें त्यास संतपद दिलें. त्याच्या सणास लोक आजहि पडक्या कोटांत जमतात. १९९८ सालीं वसईस स्वतंत्र धर्मप्रांत झाला, म्हणजे ज्या गांवीं १७३९ मध्यें मातृदेवालय ओसाड झालें तेथें दोनशें एकुणसाठ वर्षांनीं बिशपचें पीठ आलें. आमच्या मराठवाड्याच्या औरंगाबाद धर्मप्रांताची स्थापना १९७७ ची, म्हणजे या बाबतींत आम्ही वसईकरांहून वडील ठरलों. हें ऐकून तेथील एक वृद्ध ख्रिस्ती गृहस्थ खदखदून हंसले व त्यांनीं आम्हांस केळीच्या पानावर जेवण वाढलें. जेवतांना ते म्हणाले, “घंटा तुमच्या देवाकडे आहे ना, मग वाजते तरी. इथें राहिली असती तर भंगारांत गेली असती.” आम्ही निरुत्तर झालों.

राहतां राहिला प्रश्न पद्धतीचा. आमच्या संग्राहक मित्रांपैकीं ज्यांच्या गांवीं अशी घंटा असेल त्यांनीं केवळ साल टिपून समाधान मानूं नये. विलायती घंटेवर सालाशिवाय वरच्या पट्ट्यांत अक्षरें असतात. तीं कधीं संताचें नांव देतात, कधीं दात्याचें, कधीं ओतणाऱ्याचें. अक्षरें वाचतां येत नसलीं तरी ओला कागद दाबून ठसा घ्यावा, वाचणारे पुष्कळ मिळतात. जुन्या विलायती आंकड्यांत झिजलेला १ व ७ यांचा घोटाळा नेहमीं होतो, तेव्हां साल दोघांनीं निरनिराळें वाचून मग ताडावें. पंथाचें चिन्ह मुद्दाम पाहावें. आय, एच, एस हीं तीन अक्षरें एकत्र गुंफलेलीं व भोंवतीं सूर्याचे किरण असल्यास प्रथम जेझुइटांची शंका घ्यावी. एकमेकांवर आडवे टाकलेले दोन हात असल्यास फ्रान्सिस्कन. बाणानें विंधलेलें हृदय असल्यास ऑगस्टिनियन. तोंडांत पलिता धरलेला कुत्रा असल्यास डोमिनिकन. नुसता क्रूस किंवा नुसती मरियेची मूर्ति यांनीं कांहीं ठरत नाहीं, कारण त्या सर्वांच्याच आहेत. सेंट जोसेफचें देवालय पंथाचें नव्हतें हें वर सांगितलें आहे. म्हणून पंथाचें चिन्ह असलेली घंटा निघाल्यास तिच्यापुरता तरी ‘मोठ्या चर्च’चा दावा काढून टाकतां येईल. उलट हातांत फुललेली काठी अगर लिलीचीं फुलें व कडेवर बालक घेतलेला दाढीवाला पुरुष कोणास दिसल्यास त्यानें आम्हांस ताबडतोब कळवावें. ती जोसेफची मूर्ति होय, आणि तशी घंटा मिळाल्यास हा लेख आम्हीं आनंदानें दुरुस्त करूं.

एक विनंती पुजाऱ्यांस करावी. सणावाराच्या आधीं घंटा चिंच व राख लावून घांसण्याची, किंवा अलीकडे तैलरंग फांसण्याची, जी चाल आहे तिनें अक्षरें दर वर्षीं थोडथोडीं जातात. अक्षरांचा पट्टा सोडून बाकीची घंटा खुशाल चकचकीत ठेवावी. एका क्षेत्रीं आम्हीं असें सांगितलें तेव्हां तेथील म्हाताऱ्या गुरवानें लगेच आपलें ओलें फडकें खालीं ठेविलें, पट्ट्यावर बोट फिरवून पाहिलें आणि विचारलें, “यांत काय लिहिलंय म्हणता?” आमच्याजवळ तेव्हां चष्मा होता पण उजेड नव्हता. पुढील खेपेस ठशाचा कागद घेऊन येतों असें त्यास वचन दिलें आहे. ठसा मिळाल्यावर त्याचें वाचन याच त्रैमासिकांत प्रसिद्ध करूं.